आक्काताईचा मुक्काम

सोमवार, २७ सप्टेंबर १९९९

पोचले एकदाची! सांगलीहून पहाटेची गाडी, साताऱ्याला बदलून वाई, आणि वाईच्या स्टँडवर चक्क माझ्या नावाची पाटी धरून उभा असलेला ड्रायव्हर. पाटीवर ‘चारूशिला म्याडम’ असं खडूनं लिहिलेलं. छत्तीस वर्षांत मला न्यायला कुणी पाटी घेऊन आलं नव्हतं. ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचा मोह आवरला आणि ऐटीत जीपमध्ये बसले.

घर वाईपासून पाच-सहा किलोमीटरवर, कालव्याचं काम चालू होतं तेव्हाच्या एका वसाहतीत. काम संपलं, माणसं गेली, बैठे बंगले राहिले. आमचा अगदी टोकाचा. पुढच्या दोन खोल्या म्हणजे सेट, ‘आक्काताईचं घर’. मागची खोली, स्वयंपाकघर आणि मोरी माझी. समोर उसाचं रान, पलीकडे डोंगर, आणि पाऊस नुकताच सरल्यामुळे सगळं हिरवंगार. जेवण करायला शेजारच्या गावातल्या चंद्राबाई येतात. आल्या आल्या त्यांनी पिठलं-भाकरी पुढे केली आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिल्या.

लेक अपूर्वा मोठी झाल्यावर वाचेल म्हणून नीट लिहून ठेवते. ‘बागायत’ ही मालिका जूनपासून दर बुधवारी आठ वाजता लागते. ऊस, पाणी आणि दोन घराण्यांचं भांडण. त्यात आता आक्काताई नावाची एक गुंड बाई शिरणार आहे. इस्लामपूर भागातल्या ट्रका तिच्या, माणसं तिची. ती म्हणेल त्यानं जमीन सोडायची, नाहीतर हातपाय गमवायचे. ही बाई मी करायची! नाट्यस्पर्धेतलं माझं काम बघून दिग्दर्शक अवधूत यांनी पत्र पाठवलं आणि शाळेनं चार महिन्यांची रजा दिली.

हॉलमध्ये आक्काताईच्या मयत नवऱ्याचा हार घातलेला भलामोठा फोटो आहे. तो खरं तर कपडेपट सांभाळणाऱ्या तात्याबांच्या मेव्हण्याचा. मेव्हणा कऱ्हाडात धडधाकट आहे आणि त्याला यातलं काही माहीत नाही.

अपूला मयूरीकडे ठेवलंय. सख्खी मावशी, घर विश्रामबागला, शाळा जवळ. निघताना अपू रडली नाही, मीच रडले. देवदत्त गेल्यापासून तीन वर्षांत आम्ही दोघी कधी वेगळ्या झोपलो नव्हतो.

गुरुवार, ३० सप्टेंबर

पहिला शॉट झाला. तात्याबांनी गर्द जांभळं इरकल नेसवलं, कपाळ मोकळं, उजव्या मनगटावर पुरुषी घड्याळ. आरशात बघितलं तर हसू येईना.

अवधूतचं म्हणणं होतं की बाईनं गरजायला हवं. मी म्हटलं, मला एकदा माझ्या पद्धतीनं करू द्या. साठ पोरींचा वर्ग गप्प करायचा तर ओरडून चालत नाही, आवाज खाली न्यावा लागतो. हे मी तेरा वर्षं करतेय. समोर जमीन सोडायला तयार नसलेला शेतकरी उभा. मी खुर्चीत बसून हळूच म्हटलं, ‘बस. पाणी पी. मग सांग.’ कॅमेऱ्यामागची माणसंसुद्धा श्वास रोखून उभी राहिली. शॉट संपल्यावर अवधूत म्हणाला, चारुताई, आता ही बाई लवकर जाणार नाही.

माझ्या खुर्चीमागे अर्जुना उभा असतो. इथल्याच गावचा पैलवान, पंचविशीचा, कान चेपलेले. त्याला एकही वाक्य नाही, नुसतं उभं राहायचं. चहाच्या वेळी मी त्याला बसा म्हटलं, तर म्हणाला, ‘आक्का, तुमच्याम्होरं न्हाई बसत.’ सगळे खो खो हसले. तो हसला नाही.

शाळेच्या स्टाफरूममध्ये मी आले काय, गेले काय, कुणाच्या बोलण्यात खंड पडत नाही. विधवा बाईकडे लोक फार वेळ बघत नाहीत, आपलीच मान वळवतात. आज तीस माणसं माझ्याकडे बघत होती. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

रविवार, १० ऑक्टोबर

आज शूटिंगला सुट्टी. युनिट वाईत लॉजवर असतं, चंद्राबाई रविवारी येत नाहीत. सकाळपासून तोंडातून शब्द काढायला माणूस नव्हतं. दुपारी आपलाच आवाज ऐकू यावा म्हणून पुढच्या भागाचे संवाद मोठ्यानं वाचले. पुढच्या खोलीत तिच्या खुर्चीत बसून वाचले, कारण मागच्या खोलीत अंधारून येतं. वेळ बरा गेला. ती बाई बोलत असली की घर भरल्यासारखं वाटतं.

चारच्या सुमाराला चालत फाट्यावरच्या बूथवर गेले आणि अपूला फोन केला. तिच्या पुढच्या बाकावरची मुलगी तिला ‘बापाविना’ म्हणून चिडवते आणि वेणी ओढते. बाईंना सांगितलं तर बाई लक्ष देत नाहीत. मला इतक्या लांबून काय करता येणार? मी आक्काताईचा आवाज लावला आणि म्हटलं, ‘तिला म्हणावं, आक्का बघून घेईल.’ अपू एवढी हसली, एवढी हसली! मयूरीनं फोन काढून घेईपर्यंत हसत होती. परत येताना रस्ताभर मीही हसत होते.

शुक्रवार, १५ ऑक्टोबर

बुधवारी आक्काताई टीव्हीवर आली. आज दुपारी काम लवकर संपलं म्हणून वाईच्या मंडईत गेले. कुणी ओळखेल असं वाटलं होतं, पण जे झालं ते वाटलं नव्हतं. गवारी निवडत असताना भाजीवाली उठून उभी राहिली. शेजारची उठली, तिच्या शेजारचीही उठली. गवार न तोलताच पिशवीत ओतली. मी साध्या वॉयलच्या साडीत, हातात छत्री. मी हसून म्हटलं, मावशी, मी नटी आहे हो, सांगलीत शाळेत शिकवते. ती ‘व्हय व्हय’ म्हणाली आणि नजर खालीच ठेवली.

गर्दीतून चालले तर पुढे वाट मोकळी होत गेली. देवळापाशी एक बाई मुलाला दटावत होती, माझ्याकडे बोट न करता, नुसती हनुवटी हलवून. पोरगं गप्प झालं.

घाटावर पायरीवर बसले. पाच-सहा बायका धुणं धूत होत्या. मी बसल्यावर त्या हळूहळू, एकेक करून उठून पलीकडच्या पायऱ्यांवर गेल्या.

मंगळवार, १९ ऑक्टोबर. दसरा

सकाळी फाटकाशी गलका ऐकून बाहेर आले तर गावातली माणसं रांग लावून आलेली, हातात आपट्याची पानं. अर्जुना पुढे उभा राहून एकेकाला आत सोडत होता. मला सोनं द्यायचे आणि पाठ न दाखवता मागे सरकत जायचे. मी प्रत्येकाला सांगत होते, माझं नाव चारुशीला आहे. चाळीसेक माणसं आली. एकानंही ते नाव घेतलं नाही.

सगळे गेल्यावर एक म्हातारी मागे राहिली. बनुबाई. तिची मुलगी इस्लामपूरकडच्या एका गावात दिलेली. जावई मारतो, दोन वर्षं माहेरी पाठवलेलं नाही, आणि गेल्या महिन्यात त्यानं तिच्या हातावर उलथनं तापवून ठेवलं. म्हातारी पोलिसांत गेली, सरपंचाकडे गेली, कुणी ऐकलं नाही. मी तिला बसवलं, चहा केला, समजावलं की मी यात काही करू शकत नाही. ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. तास झाला. शेवटी माझे पाय धरून म्हणाली, ‘आक्का, तुमी निस्तं व्हय म्हना. मी जाते.’

मी खुर्चीत नीट बसले, आवाज खाली नेला आणि म्हटलं, ‘जा तू. पंधरा दिवसांत तो लेक घेऊन तुझ्या दारात येईल.’

तिच्या तोंडावर जे आलं ते मी आजवर कुठल्या प्रेक्षकाच्या तोंडावर पाहिलं नाही. ती गेल्यावर स्वतःचीच लाज वाटली. म्हातारीला खोटा धीर दिला. पण त्या घटकेला ते खोटं वाटलं नव्हतं, हेही लिहायला हवं.

मंगळवार, २६ ऑक्टोबर

शुक्रवारपासून काल संध्याकाळपर्यंत सगळं युनिट महाबळेश्वरला होतं. धुक्यातले प्रसंग घ्यायचे होते. चार दिवस मी कायम माणसांत होते, हॉटेलातसुद्धा माझ्या खोलीत अजून दोघी जणी होत्या. हे मुद्दाम लिहून ठेवतेय.

आज दुपारी बनुबाई आली. बरोबर मुलगी, आणि मुलीच्या मागे एक धिप्पाड माणूस, उजवा हात खांद्यापर्यंत प्लास्टरमध्ये. जावई. उंबऱ्याबाहेरच तो गुडघ्यावर बसला. म्हणाला की पुन्हा हात उचलणार नाही, बायको हवे तितके दिवस माहेरी राहू दे. त्याचे दात वाजत होते.

मी विचारलं, हाताला काय झालं? तो बावरून बायकोकडे बघायला लागला. मग म्हणाला, ‘आक्का, तुमीच तर आलासा. ऐतवारी. मी जेवत हुतो. तुमी बाजंवर बसलासा, म्हनलासा, बस, पाणी पी. मी पाणी पिलो. मग तुमी घड्याळात बघितलंसा, अन् तुमच्या मानसांनी...’

त्यानं प्लास्टरचा हात पोटाशी धरला.

मी म्हटलं, मी रविवारी महाबळेश्वरात होते. मुलगी पहिल्यांदाच बोलली. म्हणाली की तिनंच तांब्या भरून दिला होता, आणि मी तिच्या भाजलेल्या हातावरून हात फिरवला होता. हात लय गार हुता, म्हणाली.

अवधूतला सगळं सांगितलं. त्याला मजा वाटली. कुणीतरी तुमचं सोंग घेऊन फिरतंय, म्हणाला, मालिकेला यापेक्षा चांगली जाहिरात कुठली? मग मीही तसंच धरून चालले. कुणीतरी सोंग घेतंय.

अर्जुनाला विचारलं, रविवारी कुठे होतास? तो म्हणाला, ‘तुमच्यासंगंच की, आक्का.’ महाबळेश्वरला तो आलाच नव्हता. तिथं त्याचं काम नव्हतं.

शनिवार, ३० ऑक्टोबर

फोन केला. अपू फोनवर यायला तयार नाही. मयूरी रागावलेली.

तिनं सांगितलं ते असं. गुरुवारी शाळा सुटल्यावर त्या पुढच्या बाकावरच्या मुलीची वेणी कुणीतरी मुळापासून कापली, फाटकाशी, भर चार वाजता. मुलगी रडली नाही, ओरडली नाही, वेणी हातात घेऊन घरी गेली. तिनं वर्णन सांगितलं, जांभळी साडी, हातात माणसाचं घड्याळ. तिच्या घरचे मयूरीकडे भांडायला आले होते.

‘ताई, तू सांगलीत येतेस आणि घरी येत नाहीस? आठवड्यात दोनदा तुला फाटकाशी उभी असलेली मी स्वतः पाहिलीय. हाक मारली तर बघितलंस नुसतं.’

मी म्हटलं, मयू, मी इथून हललेले नाही गं. ती म्हणाली, तोंड तुझं, चालणं तुझं, मग दुसरी कोण?

बूथवाला माझं बोलणं ऐकत होता. मी बाहेर आले तेव्हा दारात उभी असलेली दोन माणसं रस्त्याच्या पलीकडे गेली.

मंगळवार, ९ नोव्हेंबर. सांगली

दिवाळीसाठी चार दिवस घरी. एसटी खच्चून भरलेली होती, माणसं दांड्याला लोंबकळत होती, आणि सातारा ते सांगली माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली. कऱ्हाडला एक गरोदर बाई चढली. मी तिला बसा बसा म्हटलं. ती उभीच राहिली.

अपू माझ्याशी नीट वागते, पाहुण्यांशी वागावं तशी. अभ्यंगाच्या वेळी तेल लावायला बसवलं तर खांदे आवळून बसली. मी विचारलं, काय झालं राणी? तिनं बराच वेळ माझ्या डोळ्यांकडे बघितलं आणि म्हणाली, ‘आज तू पापण्या हलवतेस.’

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ती शाळेच्या फाटकाशी येते. आधी नुसती उभी राहायची. मग वेणी घालून द्यायला लागली. अपूला तिची आधी खूप भीती वाटायची, आता तेवढी नाही वाटत. कारण ती रोज येते.

‘तू नाही येत ना रोज,’ अपू म्हणाली. आरोप म्हणून नाही. साधं, हिशेब सांगावा तसं.

मी तिला घट्ट धरलं. मयूरीला म्हटलं, मी काम सोडतेय. चार दिवस अपूला डोळ्यांआड होऊ दिलं नाही. ती बाई फिरकली नाही. फक्त काल दुपारी अपू झोपेत कुणाशी तरी बोलत होती, आणि मध्येच गप्प राहून ऐकत होती.

सोमवार, १५ नोव्हेंबर

अवधूतला सांगितलं, मला सोडा. तो हादरला. आक्काताईमुळे मालिका चाललीय म्हणाला. मी म्हटलं, मग मारा तिला. ती मेल्याशिवाय मला घरी जाता येणार नाही. माझ्या तोंडाकडे बघून तो कबूल झाला.

शुक्रवारी मरणाचा प्रसंग. खुर्चीत बसल्या जागी गोळी.

चंद्राबाईंच्या कानावर गेलं. त्यांनी भाकरी थापायची थांबवली. म्हणाल्या, ‘तिला इचारलं का?’

शुक्रवार, १९ नोव्हेंबर

आजचं आजच लिहायला हवं.

दुपारी तीनला शॉट. गोळीचा आवाज. मी मान टाकली, डोळे मिटले. अवधूतनं ‘कट’ म्हटलं. टाळ्या वाजल्या. मी उठणार होते पण वाटलं, कुणीतरी येईल, हात देईल, रीत असते तशी. कुणी आलं नाही. आवाज दूर गेले. डोळे उघडले तर माणसं वायरी गुंडाळत होती. मी हाक मारली. तात्याबा माझ्या समोरून गेले, माझ्या पायाला वळसा घालून, मेलेल्याला घालतात तसा.

खिडकीतून अंगण दिसत होतं. जीपपाशी एक बाई उभी होती. माझी वॉयलची साडी, माझी छत्री, माझी बॅग. अवधूत तिला दार उघडून देत होता. म्हणाला, ‘थँक्यू चारुताई. सांगलीला पोचलात की फोन करा.’ ती हसली. माझं हसणं. मी ओरडले. कुणी वळलं नाही. ती वळली.

मागच्या खोलीत माझं काही नाही. कपडे नाहीत, अपूचा फोटो नाही. ही वही गादीखाली होती म्हणून राहिली. अंगावर इरकल. घड्याळ मनगटातून निघत नाही.

शनिवार, २० नोव्हेंबर

बूथ. बूथवाला मला पाहून बाहेर निघून गेला, फोन तसाच सोडून.

फोन उचलला. माझा आवाज. मी म्हटलं, मी चारुशीला. मग ती म्हणाली, अगदी सौम्यपणे, ‘चारुशीला घरीच आहे. पुन्हा फोन करू नका, बाई.’ मागे अपू हसत होती. मोठ्यानं. कित्येक दिवसांत अशी हसली नव्हती.

रविवार, २१ नोव्हेंबर

सांगलीला जाऊन आले. कंडक्टरनं तिकीट मागितलं नाही. माझ्या पुढच्या, मागच्या रांगा रिकाम्या.

दुपारी बारा. मयूरीच्या घराची पायरी. ती बाई पायरीवर बसून अपूची वेणी घालत होती. सावकाश, केस न ओढता. मला तसं कधी जमत नाही, मला नेहमी शाळेची घाई असते. मी फाटकाला हात लावला. अपूनं मान वर केली आणि किंचाळली, ‘आई, ती आली!’

आणि तिच्या कुशीत शिरली. तिच्या.

मी म्हटलं, अपू, मी आहे गं. आवाज खालून आला. खोल, थंड. मी चढवायला गेले तर चढेना. अपू कानांवर हात ठेवून रडत होती.

ती बाई उठली. माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता, भीतीही नव्हती. घरातल्या माणसाची नजर होती. म्हणाली, मयू, दार लाव गं. दार लागलं. कडी सरकली. आत कुणीतरी अपूला चूप, चूप म्हणत होतं.

रस्त्यावर उभी राहिले. गल्लीतल्या खिडक्या एकेक मिटत गेल्या.

कुठे जाणार? इकडेच आले. फाटक अर्जुनानं उघडलं.

गुरुवार, २५ नोव्हेंबर

तीन दिवस कुणी नाही. पीठ होतं, भाकरी केली. भिंतीशी बोलले.

काल मरणाचा भाग लागला असणार. आज चंद्राबाई भांडी न्यायला आल्या, मला पाहिलं आणि हातातलं पातेलं पडलं. मी म्हटलं, चंद्राबाई, मला ओळखा हो. तुम्ही पहिल्या दिवशी मला पिठलं वाढलंत. त्यांनी जमिनीला डोकं टेकवलं. ‘काल तुमाला मारलं बगा टीव्हीत. आमी म्हनलंच, आक्का कशी मरंल.’

गावात सांगायला पळत गेल्या.

आता फाटकाशी माणसं आहेत. बसलीत. बोलत नाहीत.

शनिवार, २७ नोव्हेंबर

माझं नाव चारुशीला. मुलगी अपूर्वा, इयत्ता पाचवी. देवदत्त गेले ती तारीख १२ — जुलै? — लिहून ठेवलं होतं कुठेतरी —

माणसं आत येतात. सांगतात. मी ऐकते. मी बोलत नाही, तरी ती ‘समजलं’ म्हणून उठतात. मग बाहेर काय होतं ते मला —

आज एकीनं माझ्या पायावर मूल घातलं. जरा वेळ घेतलं. गार हाताला घाबरून रडलं. कुणाचं तरी अंग हाताला लागलं, किती दिवसांनी —

रविवार, २८ नोव्हेंबर

दुपार. अर्जुना आलाय. बाहेर जीप, आत चौघं.

म्हणतो, ‘आक्का, सांगलीत एक बाई हाय. तुमचं त्वांड घिऊन फिरती. शाळंत शिकवती. काय करायचं तिचं?’

मी विचारलं, पोरगी असते तिच्याबरोबर?

असती, म्हणतो. हात धरूनच चालत्यात दोघी.

मी म्हटलं, थांब. आत येऊन लिहितेय. विचार करता येत नाही, लिहिलं की येतो. नको म्हणायचं. एवढंच. ती अपूला रोज न्यायला जाते. अपू हसते. माझ्याजवळ ती कधी — नको म्हणायचं आणि इथंच बसायचं, या खुर्चीत, कायमचं.

किंवा तो हात सुटला की अपू रस्त्यात एकटी उभी असेल, आणि मी जाईन, मी —

पण ती मला पाहून किंचाळेल —

अर्जुना दारात. घाई करतोय. शाळेत आज कसलासा कार्यक्रम आहे, त्या दोघी चारला बाहेर पडतील. विचारतोय, पोरीचं काय करायचं?

मी ताडकन म्हटलं, पोरीला धक्का लागता कामा नये.

‘समजलं,’ म्हणाला.

समजलं म्हणजे — मी फक्त पोरीचं — बाकीचं मी काही —

जीप सुरू झाली. मी हाक मारतेय, आवाज वर येत नाही. अर्जुना, मी तसं म्हटलं नाही, मी एवढंच म्हटलं की पोरीला —